मठाचा सातबारा

माझे सासरे भीमराज, म्हणजे आमचे मामा, यांचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, तलाठ्यावर नाही, माझ्या आमटीतल्या मिठावरही नाही. पण त्यांचा संशय खरा पेटला तो १९९३ साली, तिसगावात आमच्या वस्तीशेजारी ब्रदर पास्कल हे ख्रिस्ती संन्यासी राहायला आले तेव्हा.

ब्रदर मूळचे वसईचे. अंगात तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींची दोरी. दिवसभर गावचे बागायतदार आप्पासाहेब यांच्या मळ्यात कांदा काढायचे, मजुरी नको म्हणायचे आणि संध्याकाळी त्यांच्याच दारात झोळी पुढे करून भाकरी मागायचे.

हे ऐकून मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरुणपणी ते गावाचे येसकर होते. गावाची पडेल ती कामं करायची आणि मोबदला म्हणून दारोदार भाकरी मागायची. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच दिवशी त्यांनी भाकरीची टोपली चुलीत घातली. तेव्हापासून आमच्या उंबऱ्यात उभं राहून कुणी घासही खायचा नाही.

"शिकलेला मानूस फुकट राबतो म्हंजी डाव हाय. धरम न्हाईतर जमीन," मामा म्हणाले. तलाठ्याकडे जाऊन आले. ब्रदरांच्या नावावर गुंठाभरही जमीन निघाली नाही, तर संशय दुप्पट झाला. अशातच आप्पासाहेब आम्हा मजूर बायांना म्हणाले, "ब्रदर भाकरीवर राबतात, तुमालाच कशाला वाढीव रोज पायजे?" मी घरी येऊन हे सांगितलं. मामांनी त्याच संध्याकाळी ब्रदरांना वाटेत गाठून अंगणात आणलं.

"तू फुकट राबतो, म्हनून आप्पा बायांचा रोज वाढवत न्हाई. कुनी शिकवलं तुला हे?"

ब्रदर शांतपणे सांगू लागले. आठशे वर्षांपूर्वी इटलीत फ्रान्सिस नावाच्या कापडव्यापाऱ्याच्या मुलाने बापाची इस्टेट, अंगावरचे कपडेसुद्धा परत केले. राबायचं, मागून खायचं, पण स्वतःचं काही ठेवायचं नाही. मूठभर सोबत्यांचे हजारो झाले. काही जण समुद्रातून ठाण्याला पोचले. पुढे पोर्तुगीजांबरोबर वसईत आले, मठ बांधले.

"मठ? सातबारा कुनाच्या नावावर?"

ब्रदर घुटमळले. "पूर्वी कागदोपत्री पोपच्या नावे असायचं. आम्ही फक्त वापरायचं. त्यावरून आमच्यातच फार भांडणं झाली."

"म्हंजी बेनामी!" मामांनी मांडीवर थाप मारली. मग त्यांचा आवाज चढला. "तुमच्या फ्रान्सिसकडं हुतं, म्हनून त्यानं सोडलं. आमच्याकडं सोडायला काय हुतं? ही मागायची भाकरी तेवढी हुती. ती सोडली. तू ती परत आनतो व्हय?"

ब्रदरांच्या झोळीत धर्माची पुस्तकं असणार, असं मामांना वाटलं. त्यांनी झोळी ओढून पालथी केली. बाजरीची एक भाकरी पडली. शिळी, वाळून खापर झालेली. मामांनी ती उचलून हुंगली.

"आप्पाच्या घरची?"

ब्रदरांनी मान डोलावली.

"त्याच्या बापाच्या वक्ताला बी अशीच मिळायची," मामा म्हणाले. मला रडू आलं.

"जयमाला, गरम भाकरी टाक," त्यांनी मला सांगितलं.

"बाबा, दारातच द्या. माझं व्रत आहे," ब्रदर म्हणाले.

"व्रत तुजं, उंबरा माजा. आत बस."

ब्रदर आत येऊन जेवायला बसले. मामांनी स्वतः ताटात वाढलं, पण ब्रदरांवरची नजर काही हटवली नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ब्रदरांनी आप्पासाहेबांकडे आम्हा बायांइतकीच मजुरी मागितली. मामा बांधावर उभे होते. नोटा ब्रदरांच्या हातात पडेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी ब्रदरांची झोळी पुन्हा एकदा तपासली. रिकामी होती, मागून आणलेली भाकरीही नव्हती.