ठरलं होतं तेवढंच

महाळुंग्याच्या कारखान्यातली माणसं मला ‘नाही म्हणणारी मॅडम’ म्हणायची, आणि मला ते आवडायचं. आमची कंपनी मशिनं बनवून देते. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते आधी विचारून, ठरवून, कागदावर आणायचं, हे माझं काम. मशीन काय करणार हे लिहायला वेळ लागत नाही. ते काय करणार नाही, हे लिहून घेताना घाम फुटतो. आणि ते लिहिलं नाही, की मशीन अर्धं उभं राहिल्यावर कुणीतरी येऊन म्हणतंच, “मॅडम, एवढंच तर आहे, तेवढं बसवून टाका ना.” त्या ‘एवढंच’पायी डिझाइन बदलतं, वायरिंग उखडतं, आणि उशीर झाला की बोट आमच्याकडेच.

घरी मात्र उलटा कारभार. आप्पा, म्हणजे माझे वडील, मोशीचे जुने शेतकरी. शेताच्या जागी आता भाड्याच्या खोल्या आहेत. भाडेकरूनं अंगणात नळ मागितला, आप्पा म्हणाले, “व्हईल की.” मग नळावर पत्रा मागितला. “व्हईल की.” त्या पत्र्याखाली त्यानं स्कूटर लावायला सुरुवात केली आणि आमची जायची वाटच बंद झाली, तरी आप्पा मुकाट्यानं वळसा घालून जायचे. माझं डोकं फिरायचं. कुणाला तोंडावर नाही म्हणणं या माणसाला जमतच नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मला घाई नको होती. मुलगा ताथवड्याचा, आयटीतला, फोनवर बोलायला चांगला. पण प्रत्यक्ष भेट जेमतेम झालेली. मी त्याला सरळ सांगितलं, साखरपुडा आत्ता करू, लग्न दिवाळीनंतर. मधल्या दिवसांत मला तुम्हाला ओळखायचंय. तो म्हणाला, “मलाही तेच हवंय.” बैठकीत दोन्हीकडच्या थोरामोठ्यांसमोर तसंच ठरलं आणि सुपारी फुटली. ‘साखरपुड्यातच लग्न उरकायचं नाही’ हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, कारण आमच्याकडे ते सर्रास होतं. पण शेजारी बसलेल्या आत्यानं माझा हात दाबला. शुभ बैठकीत नकाराचा शब्द काढायचा नसतो. मी ते वाक्य गिळून टाकलं.

साखरपुड्याच्या सकाळी माझा पाय एका जागी ठरेना. बांगड्या मागेपुढे कर, फोन उघड, बंद कर, उगाच मांडवाच्या दारापर्यंत जाऊन ये. आई दोनदा ओरडली. शेवटी अंगठ्या घातल्या, पेढे भरवले, फोटो झाले, आणि मला वाटलं, सुटले. तेवढ्यात मुलाचे मामा उभे राहिले.

“पावणं, जरा ऐका. समदं गणगोत हितंच हाय. भटजी हायती, जेवाण तयार हाय. परत एवढी माणसं कवा गोळा व्हायची? आत्ताच बार उडवून टाकू!”

आधी हशा पिकला, मग कुजबुज झाली, मग लोक कामालाच लागले. मुंडावळ्या आणायला आळंदीला मोटारसायकल सुटलीसुद्धा. माझी मावशी परातीतल्या तांदळाला कुंकू लावत होती. आई माझा पदर सारखा करत होती आणि माझ्या डोळ्यांत बघायचं टाळत होती. आज माझं लग्न होणार होतं आणि मला कुणी विचारलंच नव्हतं. मी आप्पांकडे बघितलं. ते टोपी काढत होते, परत घालत होते. ते काय म्हणणार हे मला पाठ होतं.

कारखान्यात असं अडलं की मी एकच करते, ज्याला ती गोष्ट वापरायचीय त्यालाच विचारते. मी उठले आणि सगळ्यांदेखत मुलासमोर जाऊन उभी राहिले.

“तुम्हाला काय हवंय?”

त्यानं मामांकडे बघितलं. मग स्वतःच्या वडिलांकडे. मग बोटातल्या अंगठीकडे.

“माझं काही नाही,” तो म्हणाला. “घरचे म्हणतील तसं.”

मला राग आला नाही, भीती वाटली. दिवाळीपर्यंत जे शोधायचं होतं ते आत्ताच समोर आलं होतं. “आज लग्न होणार नाही,” मी म्हणाले.

मामा आप्पांकडे वळले. “पावणं, पोरीला समजवा. एवढंच तर हाय.”

आप्पा उठले. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता आणि ते माझ्याकडे बघत होते.

“न्हाई,” ते म्हणाले. नवीन चपलेत पाऊल घालून बघावं तसं त्यांनी पुन्हा एकदा म्हणून बघितलं. “न्हाई. साखरपुडा ठरला हुता, त्यो झाला. जेवाण ठरलंय. पानं मांडा रं.”

काही लोक जेवले. मामा न जेवता गेले. अंगठी त्याच आठवड्यात परत आली, आणि आई कितीतरी दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. मी बरोबर केलं का, हा किडा अजून डोक्यातून जात नाही. मशिनची चाचणी घेता येते. याची कशी घेणार?

पण साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कामावर निघाले, तेव्हा भाडेकरू आप्पांना दारात गाठून उभा होता. त्याला पत्रा थोडा पुढं वाढवून हवा होता. आप्पांनी चोरून माझ्याकडे बघितलं.

“व्हईल की,” ते म्हणाले.

मी स्कूटरला वळसा घालून रस्त्यावर आले, आणि बसमध्ये जागा मिळाल्यावर त्यांचं कालचं ‘न्हाई’ आठवून मला रडू फुटलं.