शुक्राच्या गाडीतली बाई

डहाणूजवळच्या कैनाड गावात कुजबुज सुरू झाली ती अशी, की शुक्राने बाई ठेवलीय. घरात नाही, गाडीत. बायकोला जाऊन दोन महिने झाले नाहीत, तिच्या लुगड्याची घडी अजून दांडीवर तशीच, आणि हा पन्नाशीचा गडी रोज दुपारी जेवण झालं की चिकूच्या वाडीत उभ्या असलेल्या गाडीत शिरतो, पडदे ओढतो, आतून कडी लावतो, आणि आत बाई गाते. तेही काय गाते? लग्नाची गाणी! धाकट्या डहाणूहून बोंबील विकायला येणाऱ्या बायजीने स्वतःच्या कानाने ऐकलं. पाटी झाडाखाली उतरवून ती गाडीच्या पत्र्याला कान लावून उभी राहिली होती. आता बायजीच्या पाटीतले बोंबील दुपारपर्यंत संपतात, पण बातमी कासाच्या बाजारापर्यंत पुरते. चार दिवसांत त्या बाईला वय मिळालं, गाव मिळालं, तलासरीकडची आहे म्हणे, नवऱ्याने सोडलेली आहे म्हणे. एकाने तर तिला पाठमोरी पाहिलीसुद्धा.

गाडी मात्र खरीच बघण्यासारखी होती. मुंबईच्या एका शेठने ती बोर्डीच्या किनाऱ्यावर पाहुणे फिरवायला बनवून घेतलेली. आत पलंग, ओटा, शेगडी, लहानसा फ्रीज, टपावर सोलरची पाटी. शुक्रा तिचा ड्रायव्हर. शेठचा धंदा काही चालला नाही. एक दिवस त्याने चावी शुक्राच्या हातात दिली, सांभाळ म्हणाला, आणि पुन्हा आलाच नाही. पण जाण्याआधी एक गोष्ट त्याने शुक्राला नीट शिकवली होती. या गाडीला बॅटऱ्या दोन. पुढची इंजिनाची, तिला हात लावायचा नाही. पलंगाखालची ती घरची. तिच्यावर दिवे, पंखा, फ्रीज चालतात, आणि मध्ये इन्व्हर्टरचा डबा आहे, त्यावर कुणाचा लॅपटॉपही चालतो. इंजिन सुरू असलं की ती भरते. संपत आली की डबा टीं टीं करतो. मग इंजिन सुरू करायचं, नाहीतर मिनिटभरात सगळं बंद. शुक्रा तिला मागची बॅटरी म्हणायचा आणि म्हशीची घ्यावी तशी तिची काळजी घ्यायचा.

शुक्राची बायको नवशी धवलेरी होती. धवलेरी म्हणजे लग्न गाऊन लावणारी बाई. त्यांच्या जमातीत ती गायली तर लग्न लागलं, नाहीतर नुसतं जेवण झालं. गंमत अशी, की दोनशे लग्नं लावणाऱ्या या बाईचं स्वतःचं लागायचं राहिलं होतं. वीस वर्षं शुक्राबरोबर संसार झाला, पोर झाली, दर वर्षी पुढच्या वर्षी लावू म्हणता म्हणता राहून गेलं. पाड्यात अशी घरं बरीच, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. सुरुवातीला चार म्हातारे कुरकुरले, बिनलग्नाची लग्न कशी लावेल म्हणाले. पण तिच्या मावशीचा आवाज गेल्यावर त्या पट्ट्यात ती गाणी येणारी दुसरी कुणी उरलीच नव्हती. म्हातारे जेवले आणि गप्प बसले.

मग नवशीच्या गळ्यात गाठ आली. सिल्वासाच्या डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं, गाठीबरोबर आवाजही जाईल.

नवशी रडली नाही. तिला एकच घोर लागला. मुलीचं, रोशनीचं, लग्न ठरत होतं. ते कोण गाणार? रोशनी डहाणूच्या कॉलेजात शिकलेली. ती म्हणाली, आई, तू गा, मी लॅपटॉपमध्ये भरून ठेवते, माझ्या लग्नात तुझाच आवाज लावू. नवशीला पटलं, पण ती अडून बसली. मांडवाशिवाय ही गाणी तोंडातून काढायची नाहीत. मांडव हवा, भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक हवा, नवरा-नवरी पाटावर हवीत. खोटं लग्न तिला चालणार नव्हतं.

"मग आपलाच लावू," शुक्रा म्हणाला. तसंही आईबापाचं लागल्याशिवाय मुलीचं लावता येत नाही, ही तिकडची रीत होतीच.

नवरी स्वतःच्या लग्नात स्वतःच गाणार, यावर पाडा आठवडाभर हसला. हळद लावताना बायकांनी शुक्राला विचारलं, दात किती शिल्लक आहेत, मोजून सांग, नवरीला फसवायला नको. नवशीही हसली, आणि हसताना तिने गळा हाताने धरला.

मंगळवार धरला. आणि आदल्या आठवड्यात वादळ झालं. मे महिन्यातलं, अवेळी. पाड्याकडे येणारे खांब आडवे झाले, पाच दिवस लाईट नाही. पाड्यातले सगळे फोन मेलेले. रोशनीचा गाडीत चार्ज करून पाहिला, तर दोन मिनिटं आवाज भरल्यावरच तो जागा नाही म्हणायला लागला. लॅपटॉप होता जुना, त्याची स्वतःची बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली. वायर लावली तर चालायचा, काढली की बंद. राहिली शुक्राची मागची बॅटरी. मंगळवारी सकाळी हळदीच्या अंगाने शुक्रा गाडी घेऊन चारोटीपर्यंत जाऊन आला, केवळ बॅटरी भरावी म्हणून. हायवेवर लोक वळून बघत होते, पिवळा ड्रायव्हर. मग गाडी मांडवाला टेकून लावली, बाजूचं दार उघडं ठेवलं, माईकची वायर नवशीच्या पाटापर्यंत आणली. इंजिनाची घरघर गाण्यात नको म्हणून ते बंद केलं. त्याने हिशेब केला, आभाळ आहे, सोलर देणार नाही, पण चार तास आरामात जातील.

हिशेब बरोबर होता. हाल्या त्यात धरलेला नव्हता.

हाल्या नवशीचा धाकटा भाऊ. बहिणीच्या लग्नाची ताडी आणायचा मान त्याचा. पहाटे झाडावर चढून त्याने सहा बाटल्या उतरवल्या, गोड, ताज्या. पण मे महिन्याचं ऊन, दुपारपर्यंत ताडी आंबून जायची, आणि आंबट ताडी बहिणीच्या चौकापुढे कशी ठेवायची? त्याने गाडीत फ्रीज पाहिला. बाटल्या आत ठेवल्या, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्याला सगळ्यांना चकित करायचं होतं.

नवशी गायला लागली. पहिलं मांडवाचं, दुसरं हळदीचं, तिसरं चौकाचं. प्रत्येक गाणं संपलं की रोशनी गाडीत जाऊन ते सेव्ह करून येई. मग बायकांनी तिला करवली म्हणून दिवा धरून आईच्या मागे उभी केली. लग्न लागेपर्यंत तिला हलता येईना. पुढचं सगळं एकदमच भरू दे म्हणाली, तसंच चालू ठेवलं आणि उभी राहिली.

चौथं गाणं लग्न लावायचं. ते सुरू झालं की शेवटचं गाणं संपेपर्यंत नवऱ्याने पाट सोडायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. धवलेरी मध्ये थांबली तर लग्न मोडलं.

गाणं अर्ध्यात आलं आणि गाडीतून आवाज आला. टीं टीं टीं. लोकांना वाटलं बाहेरगावच्या कुणा पाहुण्याचा फोन. एकट्या शुक्राला कळलं. चावी त्याच्याच कनवटीला होती. सात पावलांवर गाडी. त्याने हाल्याकडे पाहिलं, डोळ्यांनी गाडी दाखवली, पुन्हा हाल्याकडे पाहिलं. हाल्याचं तोंड उजळलं. तो तुरुतुरु गाडीत गेला, फ्रीज उघडला, बाटली काढली, पेला भरून शुक्राच्या पुढ्यात आणून ठेवला.

"घ्या दाजी," तो कानाशी म्हणाला. "थंडगार हाय."

शुक्राने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. डब्यावरचा हिरवा दिवा गेला होता.

तो उठू शकला असता. उठला असता तर नवशी थांबली असती, आणि तिचं लग्न पुन्हा राहिलं असतं. शुक्रा बसून राहिला. नवशी गात राहिली. अडीच तास, एकामागून एक, दोन गाण्यांमध्ये घोटभर पाणी पीत, गळा दाबत, आणि सगळा वेळ त्या काळ्या माईककडे तोंड करून. शेवटच्या गाण्याला आवाज फाटला होता. बायका डोळे पुसत होत्या. शुक्राच्या पुढ्यातली ताडी कोमट झाली होती.

लग्न लागल्यावर नवशीने त्याच्याकडे वळून विचारलं, "सगला आला ना त्याच्यात?"

"आला," शुक्रा म्हणाला.

तिच्या तोंडचे ते जवळजवळ शेवटचे शब्द. रात्री ताप भरला, गुरुवारी ऑपरेशन झालं, आणि तीन आठवडे ती खुणांनीच बोलली. एकदा तिने कानाला हात लावून गाडीकडे बोट केलं. शुक्राने पहिली तीन गाणी लावली आणि म्हणाला, पुढची नंतर, बॅटरी कमी आहे. ती मान हलवून झोपली. चौथ्या आठवड्यात गेली.

रोशनीला हे काही ठाऊक नव्हतं, लग्न लागल्यावर मीच सेव्ह केलं असं बापाने तिला सांगितलं होतं आणि लॅपटॉप गाडीतच राहिला होता. तिच्या कानावर आली ती बायजीची बातमी. एका दुपारी ती तणतणत वाडीत गेली आणि गाडीच्या दारावर तिने थापा मारल्या. कडी निघाली. आत बाप पलंगावर बसलेला, मांडीवर लॅपटॉप, वायर पलंगाखाली गेलेली. आईचं तिसरं गाणं संपत होतं. ते संपल्यावर तिने पुढचं गाणं शोधलं. खालीवर शोधलं. मग त्याच्याकडे पाहिलं. त्याने सगळं सांगितलं, टीं टीं पासून.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"हाल्यामामाला?"

"त्याला कशाला."

 रोशनीने लॅपटॉप बंद केला, कारण मागची बॅटरी आता फार वेळ धरत नव्हती. लग्नाच्या दिवशी ती पार रिकामी झाली होती, तेव्हापासून तिचा जीव गेलाच.

कुजबुज अजून आहे. बायजी ती बाई दिसायला कशी आहे तेही सांगते. गाडीत बाई नव्हती. आवाज नवशीचा होता. गाणी तीन आहेत, एकूण बावीस मिनिटं. लग्न लावायचं गाणं त्यात नाही आणि ते येणारं आता कुणी नाही.