मधलं कोण मोजतंय?

राणीसावरगावच्या येडबा धनगराची लेक शीला भौतिकशास्त्रात संशोधन करते. एका जागी बांधलेल्या क्वांटम लाटेचं समीकरण तिनं सोडवलं, तर मध्यभागी लाटेची उंची अनंत निघाली. चुकलंच, म्हणून तिनं कागद फाडला आणि गावी आली.

भर उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी खुपसून गोल उभी होती. मध्ये बोट शिरत नव्हतं.

“आबा, मधी किती हायत?”

“मधलं कोण मोजतंय गं? कळप मोज की! सकाळी एकशे बारा होती, आताबी तेवढीच हायत.”

शीलानं तिथंच पूर्ण लाटेची बेरीज केली. मधली उंची अनंत असूनही ती मर्यादित निघाली. क्वांटम लाटेला बेरीज मर्यादित असली की पुरतं, म्हणजे उत्तर खरं होतं.

परवा भर परिषदेत एका बड्या प्राध्यापकांनी हटकलं, “मध्यभागी अनंत? कसं शक्य आहे?”

शीला म्हणाली, “सर, तुम्ही कधी मेंढरं राखली नाहीत.”