मनोऱ्याच्या पायथ्याशी बायजा

सगुणाचा पारा चढायला वेळ लागत नाही, हे उरणच्या बाजूला सगळ्यांना ठाऊक. मिठागरांच्या मोर्च्यात तिनं भल्याभल्या साहेबांना घाम फोडलाय. पण त्या दिवशी पंचायतीत ती भडकली ती फोटोतल्या एका नखाएवढ्या बाईवरून.

खाडीकाठच्या जुन्या चर्चचा मनोरा तीन पावसाळ्यांपूर्वी अर्ध्यातून कोसळला. तिथं आता माहितीचा फलक लागणार होता. अख्ख्या मनोऱ्याचा फोटो गावात एकच, सगुणाच्या घरी. तिनं तो विश्वासानं दिला, आणि फलक करणारा कमलेश खालची बाई कापून नमुना घेऊन आला.

"अरं, ती माझी आयस हाय! बायजा! तिचा दुसरा फोटो न्हाय जगात."

"काकी, फलक मनोऱ्याचा आहे ना?"

"मग सांग, किती उंच व्हता मनोरा?"

कमलेशनं हातातले कागद पुन्हा चाळले. उंचीची नोंद त्याला कुठल्याच कागदात सापडली नव्हती.

फोटोवाला मुंबईहून आला होता तेव्हा सगुणा आठ वर्षांची. मीठ वाहून परतणाऱ्या बायजाला त्यानं मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं केलं, बघणाऱ्याला उंची कळावी म्हणून. डोक्यावरची पाटी उतरवायला लावली. पदराला लोंबकळणाऱ्या सगुणाला मात्र बाजूला काढलं.

"लाव पट्टी," सगुणानं फोटो पुढं सरकवला.

कमलेशनं मोजलं. मनोरा पंधरा बायजा भरला.

"पण त्यांची उंची कशी कळणार?"

सगुणा भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. "टाचेपासून हनुवटीपर्यंत मोज. माझ्या हळदीला आयसनं मना मिठी मारली, तवा तिचं डोकं इथं टेकलं व्हतं. बरोब्बर इथं."

चार फूट आठ इंच. म्हणजे मनोरा सत्तर फुटांचा! कमलेशनं कापलेला नमुना चुरगळून टाकला.

"बाई राहणार, काकी. नाव सांगा."

"बायजा बाळाजी घरत. मिठागरात राबायची, त्येबी लिव."

कमलेश लिहिता लिहिता थांबला. "पण तुमच्या आई कॅमेऱ्याकडं न बघता कडेला कुठं बघतायत?"

मोर्च्यात गरजणारी सगुणा हळूच म्हणाली, "माझ्याकडं. मी तिथं भोकाड पसरून रडत व्हते."

"हेही लिहू?"

"न्हाय," ती म्हणाली. "तेवढं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."