साडूभाऊ आणि खालची ओळ

नवी मुंबईत आमच्या साडूभाऊंइतका खरं बोलणारा माणूस दुसरा नाही, आणि लग्नकार्यात लोकांनी इतकी धास्ती घेतलेला माणूसही दुसरा नाही. महापे इथल्या एका ऑनलाइन दुकानाच्या कचेरीत ते जाहिराती तपासतात, त्यातही हप्त्यांच्या. 'आज घ्या, पैसे सावकाश द्या' असं वर ठळक लिहिलं, की तितक्याच स्वच्छ अक्षरांत एकूण किती पडणार, फी काय आणि हप्ता चुकला तर काय होणार, हेही दिसलं पाहिजे, हा नियम. बाकीचे लोक असले नियम कचेरीतच ठेवून घरी येतात. साडूभाऊंच्या तो अंगात मुरला आहे. 'संध्याकाळी येतो' असं ते कधीच म्हणत नाहीत. 'तुर्भ्याला ट्रक आडवे आले नाहीत आणि साहेब आडवा आला नाही, तर येतो,' असं म्हणतात. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात आम्ही 'मुलगा अगदी निर्व्यसनी' असं अभिमानानं सांगत होतो, तर यांनी मध्येच 'तंबाखू सोडून' अशी पुस्ती जोडली. लग्न झालं, पण पुतण्या अजून यांना दुरूनच नमस्कार करतो. सीवूड्सच्या मॉलमध्ये त्यांच्याबरोबर जाणं ही तर शिक्षाच. प्रत्येक पाटीपुढे उभे राहतात, मान वाकडी करून तळाची मुंगीएवढी अक्षरं वाचतात आणि सेल्समनला विचारतात, "बिनव्याजी ना? मग ही फी कसली, तुमच्या लग्नाचा आहेर?" बिचारा सेल्समन 'भाऊ', 'काका', 'सर' अशा पायऱ्या चढत मागे सरकतो. मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, तोवर सरकत्या जिन्यानं वर पोचलेली असते.

पण त्यांची खरी कचेरी घणसोलीत, आमच्या सासूबाईंच्या घरी. सासूबाई साताऱ्याकडच्या, सासरे मार्केटात माथाडी होते. दर रविवारी जेवणं झाली, की साडूभाऊ त्यांच्यापुढे फोन धरून विचारायचे, "आई, काय कळलं?" सासूबाई आधी डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, कारण काही झालं तरी समोर जावई, आणि मग जावयाच्याच कंपनीची सालटी काढायच्या. "आवं, वर म्हनताय जादा काय बी न्हाई, आन् खाली फी मागताय? ही काय रीत झाली?" त्यांना जे कळलं नाही, ते सोमवारी कचेरीत नापास. एकदा साहेब वैतागून म्हणाले, "तुमच्या सासूबाईंनाच पगारावर घेऊ का?" साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "आपल्याला परवडणार नाहीत, सर." हा किस्सा सासूबाईंनी भाजीवालीपासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगितला. घरात सून त्यांना लसूणसुद्धा सोलू देत नव्हती. हे एक काम तेवढं त्यांचं होतं, आणि ते त्यांना जिवापाड प्रिय होतं.

दिवाळीच्या सेलआधी साडूभाऊंनी मिक्सरची जाहिरात दाखवली. सासूबाईंनी फोन जवळ घेतला, लांब धरला आणि म्हणाल्या, "झ्याक हाय. फी बी लिवलीय की खाली. समदं कळलं." मी शेजारून डोकावलो. खाली काहीच नव्हतं. फीची ओळ टाकायलाच डिझायनर विसरला होता. एरवी साडूभाऊ उसळले असते, त्या दिवशी 'बरं' म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला. जिना उतरताना मला म्हणाले, "आईंना दिसत नाहीये. डॉक्टरांकडे न्यायला हवं, पण आधी त्यांना स्वतःहून सांगू दे. मी बोललो तर त्यांचं काम गेलं, असंच त्यांना वाटेल." पुतण्याची तंबाखू ज्यांच्या पोटात राहिली नाही, त्यांनी एवढी मोठी गोष्ट गिळली होती! त्यांनी फीची ओळ टाकायला लावली, आणि ती इतकी मोठी करून घेतली की साहेबांनी विचारलं, "अहो, यात मिक्सर कुठाय?"

पुढच्या रविवारी त्यांनी तीच जाहिरात सासूबाईंपुढे धरली. सासूबाईंनी बराच वेळ डोळे बारीक केले आणि फोन हळूच बाजूला सारला.

"जावई, मी खोटं बोलले तुमच्यासंगं. मला दिसत न्हाई. अंदाजानं सांगत हुते. आता तुमी दुसरं कुनी तरी बघा."

एवढं बोलून त्यांनी पदर पुढे ओढला. मला फार वाईट वाटलं. साडूभाऊ खुर्ची सोडून खाली त्यांच्याजवळ चटईवर बसले. "मला माहीत होतं, आई," ते म्हणाले. "मीपण बोललो नाही. उद्या आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. ते काय म्हणतील ते मला आज सांगता येणार नाही. पण जाहिराती दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. आता मी वाचतो, तुम्ही ऐका."

आणि ते वाचू लागले. 'बिनव्याजी हप्ते' खणखणीत वाचलं. पुढे मात्र फीची ओळ कशीबशी पुटपुटत संपली.

पदराआडून आवाज आला, "थांबा. फीचंच तेवढं बारीक आवाजात का वाचलं? पुन्यांदा वाचा."

साडूभाऊंनी डोळे पुसले आणि पुन्हा, मोठ्यानं वाचलं.