वरवंट्याला टोपडं

आमच्या कॉलनीत पहाटे धावताना दिसणारी माणसं दोन प्रकारची होती: पाळीला उशीर झालेले कामगार, आणि मी. कामगारांचं धावणं लोकांना कळत असे. लेकुरवाळी बाई पांढरा सलवार-कुडता आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, कुणी मागे लागलेलं नसताना का धावते, हे कळत नसे.

कारण अगदी रुक्ष होतं. माजरीच्या बाजूला, कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या शाळेत मी खेळाची शिक्षिका होते, पण कच्ची. पक्की व्हायला शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण लागे आणि त्या कॉलेजात प्रवेश हवा तर मैदानावर ठरलेल्या वेळात धावून दाखवावं लागे. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर होती. यंदा हुकली तर शाळा दुसरी बाई बघणार, हे मुख्याध्यापकांनी मला अत्यंत सौजन्याने, स्वतःच्या खोलीत चहा पाजून सांगितलं होतं. माझं बाळंतपण नुकतंच झालेलं. पहिल्या दिवशी धावले तेव्हा शाळेच्या फाटकापर्यंत पोचून मी कुंपणाच्या तारेला धरून उभी राहिले होते.

नवरा पहिल्या पाळीला अंधारातच निघून जाई. घरात सासूबाई होत्या, पण त्यांचे हात थरथरत. भरला पेला त्या दोन्ही हातांनी धरत आणि तरी पाणी सांडे. नातीला उचलून घ्यायला त्यांना स्वतःचीच भीती वाटे. आणि ही नात अशी, की मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की जागी होई आणि कुणी तिला हलवत राहिलं तरच गप्प बसे. तेव्हा धावायचं तर तिला चाकांवर घालून सोबत न्यायचं, हे ठरलं. प्रश्न फक्त गाडीचा होता.

गाडी रोजच्या कामाला चालायला हवी होती, म्हणजे रेशनला, दवाखान्यात, बाजाराला. ती धावताना ढकलता यायला हवी होती. आणि आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मावायला हवी होती, जिथे सायकल आत घेतली की माणसाला बाहेर जावं लागे.

पहिली गाडी मॅनेजरसाहेबांच्या बायकोने देऊ केली. तिला चार चाकं होती, झालर लावलेलं छत होतं, पितळी दांडा होता. ती गाडी नुसती येत नसे, तिचं आगमन होई. तिच्यात बसलेलं मूल आता दोन शब्द बोलून कोनशिलेचं अनावरण करील असं वाटे. दुसरा उपाय सुताराने सुचवला. "तीन चाकाची पायजे ना? मंग पांगुळगाडा करून देतो!" पण पांगुळगाड्याला धरून उभं राहावं लागतं आणि माझी लेक अजून बसतही नव्हती.

तिसरी गाडी खाणीच्या गेस्ट हाऊसच्या कोठीत होती. यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर आणि त्याची बायको ती मागे टाकून गेले होते. पुढे एक चाक, मागे दोन, सायकलसारखे हवा भरायचे टायर, आणि कळ दाबली की सगळी गाडी दुमडून दाराआड उभी राहील एवढी होई. मूल ढकलणाऱ्याकडे तोंड करून बसे. मला ती बघताक्षणी आवडली.

"घेऊन जा बाई, इथी नुसती पडून राह्यली," गेस्ट हाऊसचा खानसामा म्हणाला.

"त्यांचं मूल केवढं होतं?"

"लेकरू?" त्याने कोठीला कुलूप लावलं. "लेकरू तं मी नाई पाह्यलं, बाई. मेमसाब रोज सकाळी गाडी घेऊन फिराले जाये, ते पाह्यलं."

"रिकामी?"

"झाकून राहे."

थंड देशातली माणसं मुलांना झाकूनच ठेवतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते मी स्वतःला सांगितलं आणि गाडी घरी आणली.

आधी दोन्ही गाड्या मुलीशिवाय पळवून बघायच्या आणि मग निवडायचं, असं मी ठरवलं. नवरा निघण्याआधी अर्धा तास तिला सांभाळत होता, तेवढ्यात हे उरकायचं. पहिल्याच दिवशी सासूबाई दारात आडव्या आल्या.

"काऊन वं, रिकामी गाडी कायले ढकलून राह्यली? रिकामा पाळणा कोणी हालवते का?"

"आत्याबाई, तुम्ही छप्पन साली दीक्षा घेऊन सगळे देव नदीत सोडलेत ना?"

"देव सोडले. पाळणा कुठी सोडला?"

त्या आत गेल्या आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आल्या. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालायची रीत आमच्या घरातून देवांबरोबरच गेली होती. वरवंटा मात्र राहिला होता, कारण चटणी राहिली होती. थरथरत्या हातांनी, बराच वेळ घेऊन, त्यांनी त्या काळ्या दगडाला माझ्या मुलीचं टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि गाडीत निजवलं. नातीला त्यांनी एवढ्या निवांतपणे कधी हाताळलं नव्हतं. मीही वाद घातला नाही, कारण वजनाशिवाय गाडीची परीक्षा होणारच नव्हती.

धुक्याचे दिवस होते. कॉलनीपासून घुग्घुसकडे जाणारा मुरमाचा रस्ता एका बाजूला सागाचं जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर घेऊन जाई. मध्ये नाल्यावर पुलिया. मॅनेजरसाहेबांची गाडी पुलियापर्यंतही पोचली नाही; झालर लोंबली, वरवंटा आत फुगडी घालू लागला आणि वळवायला मला तिचं पुढचं अंग बैलासारखं उचलावं लागलं. ती मी त्याच दिवशी आभारांसह परत केली. तीनचाकी मात्र बोटाने वळे. तिचा एकच दोष होता: वेगात वळवली तर एका अंगावर कलंडे. हे मला कळलं ते वरवंटा बाहेर पडून रस्त्याकडेच्या गवतात घरंगळत गेला तेव्हा.

मी गवतात उतरले. त्याच वेळी मोटरसायकलचा दिवा माझ्यावर पडला. रात्रपाळीतून लवकर निघालेला कुणी घरी चालला होता. मी वरवंटा उचलला, त्याच्यावरची माती पदराने पुसावी तशी ओढणीने पुसली, टोपडं सरळ केलं, आणि हाताला सवयच लागलेली म्हणून हनुवटी असते तिथे नाडी बांधली. मग दगडाला गाडीत ठेवून पट्ट्याने आवळलं. तेवढा वेळ तो दिवा जागचा हलला नाही. मी मान वर करून "काही नाही, पडला होता," असं म्हटलं, तेव्हा मोटरसायकल एकदम वळली आणि आली तिकडे, खाणीकडे, परत गेली.

आठवड्याभरात शाळेत पोरींनी मला बातमी दिली. घुग्घुसच्या रस्त्यावर चुडैल निघते. लेकराची गाडी ढकलते. लेकराला तोंड नाही, नुसता काळा गोळा.

"पांढरे बूट घालते, मॅडम!"

"चुडैलीचे पाय उलटे असतात ना? मग बूट बसतात कसे?"

पोरीने जराही विचार केला नाही. "उलटेच घालते, मॅडम."

मी हसले. स्वतःची दंतकथा स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळणं हा मान मंत्र्यांनाही मिळत नाही. मग दुसरी पोर म्हणाली, "ते बंद खाणीकडून येते, मॅडम. आन् लेकरू उठून बसते, मांगं पाह्यते."

बंद खाणीच्या रस्त्याला मी कधीच गेले नव्हते. आणि वरवंटा उठून बसत नाही. पण अफवा वाढताना असे चार तपशील धरतेच, असा मी निकाल दिला आणि पोरींना मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या.

नवऱ्याला हे हसण्यावारी नेता येईना. त्याच्या पाळीतली माणसं पुलियावर थांबून तिला दगडांनी हाणायचं म्हणत होती. आमच्या भागात एखाद्या बाईबद्दल असं बोललं जातं तेव्हा ते पुष्कळदा बोलण्यावर थांबत नाही. त्याने हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ती माझी बायको आहे, शाळेतली मॅडम, आणि गाडीत वरवंटा होता.

"मग?" मी विचारलं.

"हसले."

"झालं तर."

"हसले आन् म्हणाले, भाऊ, वहिनी आमाले माहीत हाय. पांढऱ्या बुटाची. आमी म्हणतो ते दुसरी." तो जेवणाच्या ताटाकडे बघत राहिला. "उद्यापासून जाऊ नको तू."

पण परीक्षा जवळ आली होती, आणि मला आता कुठे न थांबता पुलिया ओलांडता येऊ लागली होती. धुक्यात मला नि दुसरीला वेगळं ओळखणार कसं, हा त्याचा प्रश्न बरोबर होता. नाही गेले तर नोकरी कशी टिकणार, हा माझाही बरोबर होता. गाडी निवडून झाली होती. मी गळ्यात शाळेची शिट्टी अडकवली, वरवंटा पाट्यावर ठेवला आणि पहिल्यांदा लेकीला पट्टा लावून बाहेर पडले.

ती गाडी हलताच गप्प झाली. टोपड्यातून माझ्याकडे बघत होती. धुकं इतकं की सागाची झाडं जवळ आली की दिसत आणि मागे पडली की नसत. पुलियाच्या अलीकडे मला विड्यांचे लाल ठिपके दिसले. मग माणसं. त्यांचे हात खाली लोंबत होते आणि हातांत काय होतं ते कळायला धुक्याची अडचण नव्हती.

मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि जेवढा श्वास उरला होता तेवढा सगळा शिट्टीत घातला.

"मॅडम हाय! मॅडम हाय बे, थांबा!" एकजण ओरडला. त्याची पोर माझ्या वर्गात होती. "मॅडम, तुमी? आन् लेकरू घेऊन?"

"हो. दगड खाली टाका आधी. सगळ्यांनी."

त्यांनी टाकले. शिट्टीचा शाळा सुटलेल्या माणसांवरही परिणाम होतो. एकाने मात्र टाकला नाही. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"मॅडम, जरा बाजूले व्हा," तो हळू आवाजात म्हणाला. "मांगची येऊ द्या."

"मागे कोणी नाही."

"तुमच्या मांगं दुसरी गाडी होती ना?"

मी थांबले होते. माझी गाडी थांबली होती. मुरमावर चाकं फिरल्याचा आवाज थांबायला मात्र जरा वेळ लागला होता. मातीच्या डोंगरांवरून आवाज परत येतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी परत दांड्यामागे जाऊन लेकीकडे पाहिलं. गाडी थांबली तर ती रडायची. ती रडत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होती आणि हसत होती. त्या वयात मुलं भिंतीकडे बघूनही हसतात.

माणसांनी मला मध्ये घेऊन कॉलनीपर्यंत पोचवलं. फाटकापाशी माझ्या विद्यार्थिनीचा बाप एवढंच म्हणाला, "आमी आता नाई मारणार, मॅडम. पण दुसऱ्या पाळीचे लोक हायेत. त्याइचं आमी नाई सांगू शकत."

पाळीवरून परतल्यावर नवऱ्याने गाडी दुमडून दाराआड ठेवली आणि हा विषय संपला असं जाहीर केलं. सासूबाई भाकरीचं पीठ मळत होत्या. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा त्या शाल घेऊन, कंदील लावून उंबऱ्यात बसल्या होत्या.

"काढ गाडी," त्या म्हणाल्या. "मी पुलियावर बसतो. मायासमोर कोण दगड मारते, पाहू दे मले."

तेव्हापासून रोज त्या माझ्याआधी निघून पुलियाच्या कठड्यावर जाऊन बसत, पाय रस्त्याकडे सोडून. त्यांच्या नवऱ्याने याच खाणीत जन्म घालवला होता. त्यांना ओळखत नाही असा माणूस कुठल्याच पाळीत नव्हता. येणारे-जाणारे "काय माय, थंडीत कायले बसली?" विचारत आणि त्या "सुनेचा टाइम मोजतो," म्हणत. त्यांना घड्याळ कळत नसे. दगड पुन्हा कुणाच्या हातात दिसला नाही. मी गाडी घेऊन त्यांच्यासमोरून धावत जाई, पुढच्या वळणावरून परत फिरे.

त्या वळणावरून मला त्या दिसत. मी जवळून गेले की त्या वाट द्यायला पाय वर घेत आणि पुन्हा खाली सोडत. मग थोडं थांबून, रस्ता मोकळा असताना, पुन्हा एकदा वर घेत.

एकदा मी धावता धावता विचारलंच. "आत्याबाई, मागे काही दिसतं का?"

"तू धाव ना वं," त्या म्हणाल्या. "मांगचं मी पाह्यतो."

मी धावले. पुलियापासून फाटकापर्यंतच्या तुकड्याला मला जो वेळ लागू लागला, तो बघून नवऱ्याने घड्याळाला किल्ली दिली आहे का ते तपासलं. उन्हाळ्यात परीक्षेच्या मैदानावर, धावपट्टीच्या कडेला, लेक सासूबाईंच्या शेजारी सतरंजीवर होती, गाडी घरी होती आणि ऊन एवढं स्वच्छ होतं की मैदानावरचा प्रत्येक खडा दिसत होता. मी ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आत आले. परीक्षकांनी कागदावर सही केली, टोपी सावरली आणि विचारलं, "बाई, शेवटच्या फेरीत एवढी धाव कशाला घेतलीत? जवळपास कोणीच नव्हतं तुमच्या मागे."

मला दम लागला होता. मी सतरंजीकडे पाहिलं. सासूबाईंनी सावकाश पाय जवळ ओढून घेतले होते.