नख अडकेल असा माहजोंग

माहजोंग या सोंगट्यांच्या खेळाला चार माणसं लागतात आणि आमच्याकडे तीन होती. मी, शिरूरजवळच्या एका जपानी कारखान्यातली दुभाषी. माझे जपानी साहेब, ज्यांना रविवार खायला उठायचा. आणि त्यांचा केंदूरचा ड्रायव्हर, ज्याला कुठलाही खेळ एकदा बघून येतो. चौथा गडी माझ्या घरातच होता, पण तो जागचा हलायला तयार नव्हता.

तो गडी म्हणजे माझे पप्पा. केडगावच्या छापखान्यात त्यांनी आयुष्यभर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. काचबिंदूनं नजर गेली तेव्हा मी त्यांना शिरूरला माझ्याकडे आणलं. आता त्यांना उजेड आणि माणसाची आकृती, एवढंच कळतं. वर्तमानपत्र सुटलं, कॅरम सुटला. शेजारचे खेळायला बोलवायला आले की "माझं राहू द्या" म्हणायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. ते "माझं राहू द्या" ऐकलं की मला रडू यायच्या आधी राग येतो. काहीही करून त्यांना टेबलाशी बसवायचंच, असं मी ठरवलं आणि तो सगळा राग खरेदीवर काढला.

मोठ्या सोंगट्या घेतल्या की त्यांना दिसतील, असा माझा अंदाज. मोबाईलवर सगळ्यात मोठ्या सोंगट्यांचा संच शोधला आणि कुणालाही न विचारता मागवला. पेटी एवढी जड, की कुरिअरवाल्यानं ती जिन्यात दोनदा टेकवली. साहेबांनी ती उघडली, दातांमधून हवा आत ओढली आणि "छान आहे" म्हणाले. ते अशी हवा ओढतात तेव्हा छान काहीच नसतं, हे मला कारखान्यात कळलेलं होतं. संच चिनी निघाला. जपानी खेळाच्या गुणांच्या काड्या त्यात नव्हत्या, साहेबांचे लाडके लाल पंजे, म्हणजे जादा गुण देणाऱ्या लाल रंगाच्या पाचाच्या सोंगट्या, नव्हते, आणि त्या धिप्पाड सोंगट्या मांडायला आमचं टेबल पुरेना.

पप्पांनी एक सोंगटी उचलली, अंगठ्यानं चोळली आणि मला परत दिली.

"खाच उथळ पडलीय. आन् तू मला दिसंल असं कशाला शोधतीस? हाताला लागंल असं शोध की."

मी ओशाळले. छापखान्यात पप्पा गप्पा मारता मारता, खणाकडे न बघता खिळे उचलायचे, हे मी लहानपणी कितीदा तरी पाहिलेलं. तरी संच निवडला तो माझ्या डोळ्यांनी.

पुढच्या महिन्यात साहेब सुट्टीवर जपानला गेले. तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. समोर तीन संच. मी पहिल्याच्या हिरव्यागार रंगावर भाळले होते, तेवढ्यात पप्पा मागून म्हणाले, "साहेबांना इचार, नख अडकतंय का?"

मी साहेबांना विचारलं, साहेबांनी दुकानदाराला. दुकानदार आजोबांनी अगदी गंभीर चेहऱ्यानं नख ओढून बघितलं. पहिला संच नुसता छापलेला. दुसऱ्यावरून नख घसरलं. तिसरा जुना, पाठ पिवळट पडलेली, काड्यांची डबी दोरीनं बांधलेली. त्याच्या खाचेत आजोबांचं नख असं अडकलं, की त्यांचं त्यांनाच हसू आलं.

पण त्यात लाल पंजे नव्हते. लाल पंजाशिवाय खेळात मजा नाही, असं साहेबच आम्हाला शिकवताना म्हणाले होते. फोनवर त्यांनी त्या सोंगट्या एकदा चाळून पाहिल्या. मग म्हणाले, "तुमच्या वडिलांना लाल ओळखता येणार नाही ना? मग लाल पंजा नकोच." हे वाक्य मी पप्पांना मराठीत सांगितलं नाही. दुभाषी म्हणून माझ्याकडून झालेला हा एकमेव कामचुकारपणा.

साहेब परत येईपर्यंत पप्पांनी त्या उथळ चिनी संचावरच सगळी चिन्हं पाठ केली. गोल म्हणजे भाकरी, बांबू म्हणजे ऊस. रविवारी चर्चमधली उपासना आटोपून आम्ही साहेबांनी आणलेल्या संचाभोवती बसलो. टाकलेली सोंगटी प्रत्येकानं मोठ्यानं सांगायची, असा नियम केला. "आप्पा, तीन ऊस टाकला बरं का!" ड्रायव्हर अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडायचा. पप्पांचा अंगठा भराभर चालत होता.

मग त्यांनी एक सोंगटी उचलली आणि अंगठा थांबला. पुन्हा चोळली. उलटी करून चोळली. चेहरा उतरला.

"माझं राहू द्या," ते हळूच म्हणाले. "आता बोटंबी गेली."

साहेबांना मराठी येत नाही, पण त्यांनी हात पुढे करून ती सोंगटी घेतली, बघितली आणि खो खो हसत सुटले. जपानी संचात एका प्रकारची सोंगटी साफ कोरी असते. चिनी संचात तिला चौकट होती, म्हणून आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"मलाही त्यावर काही दिसत नाही," साहेब म्हणाले. हे मात्र मी लगेच मराठीत सांगितलं.

पप्पांनी सोंगटी परत मागून घेतली आणि तिच्यावरून एकदा सावकाश बोट फिरवलं.

"व्हय की, कोरीच हाय," ते म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढून बसले. "पर आता समद्यांनी माझी सोंगटी बघितली. न्हाई चालायचं. डाव मोडा आन् परत मांडा."